विठे घाटातला दुसरा गिअर

भाऊबीजेच्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही श्रीरामपूर सोडलं. आम्ही म्हणजे मी, माझी आई आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी फटफटी. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पण गाडीचा खाकी रंग अजून तसाच होता. आई मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर करंज्यांचा डबा घेतला आणि म्हणाली, "दिवेलागणीच्या आत राजूर दिसलं पायजे. मग तुझी ही म्हैस धावू दे न्हाईतर उडू दे."

राजूर हे आईचं माहेर, संगमनेरजवळच्या अकोल्याच्या पलीकडे डोंगरात. माझ्या आईवडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हापासून मामानं तिचं नाव टाकलं होतं. मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि परवा राजूरचा एक हिरड्याचा व्यापारी निरोप घेऊन शाळेत माझ्याकडे आला. मामा अंथरुणाला खिळलाय, फार दिवस काढेलसं दिसत नाही, आणि म्हणतोय, 'या भाऊबीजेला साळूला आणा.' साळू म्हणजे माझी आई. सर्व्हिस मोटारी सणाच्या गर्दीनं भरून वाहत होत्या, म्हणून फटफटी काढली. ख्रिस्ती बाईनं ओवाळायचं कसं, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा आईनं उत्तर दिलं, "दिवा देवाचाच हाय. कुनाफुडं धरायचा ते माझं मी बघीन."

गाडीला चार गिअर होते, टाकीशेजारच्या दांड्यानं हातानं बदलायचे. त्यातले पहिले तीन मला चौथ्यावर चढायच्या पायऱ्या वाटत. पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि आमच्या गावच्या यच्चयावत फटफटीवाल्यांचं एकमत होतं की गाडी एकदा टॉपमध्ये, म्हणजे चौथ्यात, टाकली की खाली म्हणून आणू नये, थेंब थेंब वाचतो. मीही त्याच पंथाचा माळकरी.

पाटाच्या कडेच्या सपाट रस्त्याला हा पंथ मानवला. दोन्ही बाजूंना ऊस, ताशी तीसेक मैलांचा वेग आणि इंजिन आपलं खुशीत गुणगुणतंय. लोणीच्या अलीकडे मात्र माहेरवाशिणींनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली. माणसाच्या चालीनं जायचं होतं, तरी माझा हट्ट टॉपचाच. गाडीनं असे आचके दिले की डबा उघडला आणि चार करंज्या धुळीत गेल्या. एक गाडीवान मागं वळून म्हणाला, "पाव्हनं, हिला उचकी लागलीया. पानी पाजा." गाडीतल्या बायका हसल्या, आईही हसली. मला काही हसू आलं नाही.

संगमनेरला चहा आणि गरम भजी झाली. आईनं भजं हातात धरलं, खाल्लं नाही. "त्यो बोलंल का रं माझ्याशी?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, बोलायलाच तर बोलावलंय. पण मलाही धाकधूक होतीच.

अकोलं मागं पडलं तसा मुलूख बदलला. भाताची खाचरं (बांध घालून पाणी अडवलेली शेतं) पिवळी पडली होती, कुठं कुठं कापणी चालली होती. वाऱ्याला आंबेमोहोराचा वास होता. आई एकेका डोंगराचं नाव सांगत होती आणि मी माना डोलावत होतो. मग विठे घाट लागला.

पहिल्या चढालाच इंजिन आतून खलबत्त्यासारखं ठोकायला लागलं. मी वेग वाढवायला गेलो, तसा तो आणखी कमी झाला. कसाबसा तिसरा टाकला, तोवर उशीर झाला होता. क्लच धरत, सोडत, धूर काढत एका वळणावर गाडी बंद पडली ती पडलीच. इंजिनावर हात ठेववत नव्हता. उन्हं डोंगराकडे कलली होती, आणि आई राजूरच्या दिशेला बघत दगडावर बसून राहिली.

तेवढ्यात वरून एक गडी झपाझप उतरत आला. डोक्याला तांबडा पटका, अंगात जुना लष्करी कोट, काखेत नवं लुगडं. गाडी बघून असा थांबला, जसा कुणी सोयराच भेटला.

"कंच्या गिअरात चढवत हुता?"

मी सांगितलं.

"अरारा! टॉपमंदी? घाटात?" त्यानं कपाळाला हात लावला. "म्या गेनू. पलटनीचा डाक्या. आफ्रिकेत वाळूत, वरनं बाँब पडताना असली गाडी पळवलीया. माझ्यावानी चालवनारा आक्ख्या पलटनीत न्हवता, इचारा कुनालाबी."

विचारायला तिथं माकडांखेरीज कोणी नव्हतं. आईनं त्याला आमची हकिगत सांगितली. तो सूर्याकडे बघत राहिला. हातातल्या लुगड्याकडेही त्यानं एकदा पाहिलं. त्याचीही बहीण अकोल्यात वाट बघत होती.

"निवू द्या जरा," तो म्हणाला. "मंग मावशीला म्या पोचिवतो. मास्तर, तुमी चालत या. तिघांला ही वढायची न्हाई, आन् तुमाला शिकवत बसलो तर दिस बुडंल."

अनोळखी माणसाच्या हाती गाडी द्यायची आणि आईसुद्धा? मी घुटमळलो. आई मात्र उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझा भाऊ तिकडं हाय. म्या बसते."

गेनूनं लुगडं माझ्या हातात दिलं. इंजिन निवल्यावर पहिल्यात उचलली, दुसऱ्यात टाकली आणि गाडी एका सुरात, न कुरकुरता वर गेली. वळणाआड गेली तरी तो सूर ऐकू येत होता. मी करंज्यांचा डबा आणि परक्या बहिणीचं लुगडं घेऊन चढत राहिलो.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा तो परतही आला होता. "म्हातारा उठून बसला," तो म्हणाला. "साळू म्हनला, आन् रडाया लागला. म्या निघालो बाबा, मलाबी रडू येतंय."

"आणि तुझी बहीण?"

"पळतो आता. हुईल उशीर."

मामाच्या दारात त्या घडीला असावं असं मला फार वाटत होतं. पण मी गाडी अकोल्याकडे वळवली आणि गेनूला म्हटलं, बस मागं.

उतारावर तो मागून ओरडत होता, "ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा! दुसऱ्यात ऱ्हाऊ द्या! वळान संपलं, आता तिसरा! सपाटी आली, टाका टॉप! येगाच्या काट्याकडं बघू नगा, कान द्या. कन्हली तर खाली घ्या, किंचाळली तर वर." मी कान दिला. बारा गावचं पाणी प्यालेली ती गाडी पहिल्यांदा माझं ऐकत होती, की मी तिचं, कोण जाणे.

गेनूची बहीण ताट घेऊन उंबऱ्यातच उभी होती. भावाला ओवाळून झाल्यावर तिनं शेजारी दुसरा पाट मांडला. मी मागं सरलो, म्हटलं, मी ख्रिस्ती आहे. "भावाला कुटं धरम इचारत्यात व्हय?" ती म्हणाली. मला सख्खी बहीण नाही. त्या दिव्याची ऊब तोंडाला लागली. खिशातला रुपया मी ओवाळणी म्हणून ताटात टाकला, आणि त्या बाईनं माझ्या हातावर अनारसा ठेवला. अजूनही कुणी देवमाणसं कुठं असतात असं विचारलं तर मी अकोल्याचा रस्ता दाखवतो.

तिन्हीसांजेला एकटा घाट चढलो. दुसऱ्यात. राजूरला मामा पडून होता, कपाळावर ओवाळल्याचं कुंकू, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून. माझ्याकडे बघून म्हणाला, "साळूचा का? ये, जेव." वाफाळता भात, नागलीची (नाचणीची) भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. इतकं साधं जेवण आणि इतकं पोटभर मी क्वचित जेवलोय.

दोन दिवसांनी निघालो. मामाला दारापर्यंत येववलं नाही. आई आत जाऊन आली आणि गाडीवर बसली.

गावाबाहेरचा रस्ता चांगला सपाट होता. तिसरा, मग टॉप, असं जायला हरकत नव्हती. मी दांड्याकडे हात नेला आणि थांबलो. मागं आईनं मान वळवलेली होती, हे तिच्या बदललेल्या वजनावरून मला कळत होतं. मी दुसऱ्यातच राहू दिलं. माणसाच्या चालीपेक्षा थोड्याच जास्त वेगानं आम्ही चाललो होतो. इंजिन कण्हत नव्हतं, किंचाळत नव्हतं. घरांची कौलं, मग झाडं, मग नुसता धूर, एवढं दिसेनासं व्हायला बराच वेळ लागला.

मग आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं बघून," ती म्हणाली. "आता ने बिगीबिगी."

मी तिसरा टाकला.