रविवारची बटणं

शिवणवालीचं दुकान म्हणजे पूर्वीचं चर्च. माणसं पांगली, पाळकांची बदली झाली, छप्पर गळायला लागलं, तेव्हा विश्वस्तांनी जागा भाड्याने काढली. एवढ्या उंच छताखाली थंडीत कुडकुडायला कोण येणार? शेवटी हिनेच घेतली, कारण उजेड चांगला होता. वेदीच्या जागी शिलाई मशीन आलं, गाणाऱ्यांच्या माळ्यावर कापडाचे तागे गेले. बाक मात्र फरशीत पक्के रोवलेले. ते उपटायला गेलं तर फरशी फुटली असती, म्हणून तसेच राहिले, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

बाक आहेत म्हटल्यावर माणसं बसणारच. चर्चचे जुने लोक दर रविवारी दुपारी यायचे, हातात एखादा कोट, एखादा सदरा. "एवढं बटण लावून दे गं बाई." दोरा झिजून तुटला की टोकं पिंजतात. यांची टोकं सरळसोट. घरून कात्रीने कापून आणलेली बटणं! तिला पहिल्याच वेळी कळलं होतं, पण म्हातारी माणसं, त्यांची जुनी जागा, म्हणून ती गप्प बसली. आठवडाभर गिऱ्हाइकांची घाई आणि रविवारी हे. मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे. नवरा म्हणायचा, "रविवारी तरी झोप की. तुझ्यावाचून कोणाचं अडलंय?"

त्या रविवारी घंटावाले आजोबा आले. चर्च चालू असताना घंटा वाजवायचं काम त्यांचं. त्यांनी खिशातून कोटाची चारही बटणं काढून मशीनवर ठेवली, आणि तिचं डोकंच फिरलं.

"चार? आजोबा, एकदम चार? त्या कात्रीला काही लाज?"

बाकांवरचे सगळे वळून बघायला लागले. आजोबांनी मान खाली घातली. तिला वाईट वाटलं, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही. मग तिने मनात म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

"पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. जीव मेटाकुटीला आलाय माझा. ही दाराची किल्ली घ्या. तुमचंच चर्च आहे, उघडा, हवं तेवढं बसा. मला फक्त झोपू द्या."

आजोबांनी किल्लीला हात लावला नाही.

"किल्ली घेऊन काय करू? चर्चला आम्ही पलीकडच्या गावात जातो. हे बंद झालं तेव्हापासून. आजही सकाळी तिथे जाऊन आलो."

"मग इथे कशाला तंगडतोड करता?"

"इथे तू असतेस," आजोबा म्हणाले. "एक बटण लगेच लावून होतं गं. चारांना जरा वेळ लागतो."

तिला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त वैताग आला. माणसं भिंतींसाठी येत असती, तर किल्ली देऊन सुटता आलं असतं.

"आणा तो कोट इकडे," ती म्हणाली.