दीपस्तंभ दिसत नव्हता त्या सकाळी

माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर कितीतरी दिवस मी देवाशी फक्त कामापुरती बोलत होते. शारजात, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये किचनच्या कोपऱ्यात छोटासा देव्हारा आहे. सकाळी दिवा लावायचा, दत्तगुरूंच्या तसबिरीला हात जोडायचे आणि ऑफिसला पळायचं. मागणं काही नसायचं. भावाच्या आजारपणात नवस, पारायण, उपास करून एवढं मागून झालं होतं, की पुन्हा मागायची हिंमतच उरली नव्हती. कुणी ऐकतंय का, हा प्रश्न मनात असायचा. मोठ्याने विचारत नव्हते, इतकंच.

आमचे हे जबल अलीला एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहेत. त्यांचे तिथले सहकारी मुश्ताकभाई मूळचे श्रीवर्धनकडचे आणि मासेमारीचे भारी शौकीन. रास अल खैमाच्या पुढे कोळ्यांचं एक लहान गाव आहे, तिथे त्यांची छोटी बोट असते. हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोन्ही जोडपी तिथे गेलो. पहाटेच पुरुष बोट घेऊन निघाले. मी आणि मुश्ताकभाईंच्या पत्नी रुखसानाभाभी चहाचा थर्मास घेऊन बंदरावर थांबलो. नाश्त्याला परत येतो, म्हणाले होते.

बंदर अगदी छोटं. एक दगडी धक्का समुद्रात वळत गेलेला आणि त्याच्या टोकाला दीपस्तंभ. दीपस्तंभ म्हणजे तरी काय, दोन पुरुष उंचीचा हिरवा-पांढरा खांब आणि वर लुकलुकणारा दिवा. उजाडता उजाडता धुकं आलं. आधी समुद्र दिसेनासा झाला, मग धक्का, मग समोर बांधलेल्या बोटी. शेवटी तो दिवाही गेला. तेवढ्यात यांचा मेसेज आला, काही दिसत नाहीये, इंजिनही अडखळतंय, हळूहळू येतो. त्यानंतर फोन लागेना.

भाभींनी तटरक्षकांना फोन केला. त्यांची बोट शोधायला निघत होती, पण अशा धुक्यात वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. पुढे मोठ्या जहाजांचा रस्ता आहे, हे भाभींना माहीत होतं. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. मी एका दगडावर बसले, आणि इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून मागणं निघालं. दत्तगुरू, बाकी काही नको, तेवढं इंजिन बंद पडू देऊ नकोस.

थोड्या वेळाने एक पिकअप येऊन थांबली. अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, असा एक म्हातारा अरब उतरला. त्याच्याही बोटी याच बंदरात होत्या. भाभींनी हिंदीत सगळं सांगितलं. तो दीपस्तंभाच्या दिशेने जरा वेळ बघत राहिला.

"धुंध में लाइट नहीं जाता, बहन," तो म्हणाला. "आवाज जाता."

त्याने आम्हाला गाडीत बसवलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून, धक्क्याची कड बघत बघत, त्याने गाडी थेट दीपस्तंभापाशी नेली. खाली उभं राहूनही वरचा दिवा म्हणजे नुसता हिरवट डाग होता. मग त्याने हॉर्नवर हात ठेवला. एक लांब हॉर्न, थोडी शांतता, पुन्हा लांब हॉर्न. काही वेळाने तो उतरला आणि मला त्याच्या जागी बसवून म्हणाला, "तुम बजाओ, मैं सुनता."

मी हॉर्न वाजवत राहिले. पहिल्यांदा नुसती घाबरून, दात आवळून वाजवत होते. मग कधीतरी प्रत्येक हॉर्नबरोबर तोंडातून 'दत्त' निघू लागलं. शेजारी भाभींचे ओठ त्यांच्या दुआमध्ये हलत होते. किती वेळ गेला कोण जाणे. पण एवढं आठवतं, की मध्येच कुठेतरी माझं मागणं थांबलं. त्यांना आण, लवकर आण, हे काही उरलं नाही. हात हॉर्नवर होता, नाव तोंडात होतं आणि पुढचं माझ्याकडे नव्हतं. आयुष्यात इतकी हतबल मी कधी नव्हते, आणि त्या हतबलतेत भीती का नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हाताऱ्याने हात वर केला. मी थांबले. धुक्यातून कुणीतरी हाक मारत होतं. मग पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला आणि बोटीचं नाक दिसलं. मुश्ताकभाई एका वल्ह्याने आणि आमचे हे बर्फाच्या पेटीच्या झाकणाने पाणी ओढत होते. भाभी गाडीतून उतरून धक्क्याच्या कडेकडे धावल्या.

चहा पिताना यांनी सांगितलं. फोन भिजून बंद पडले होते. किनाऱ्याकडेच चाललोय असं समजून ते सरळ खोल समुद्रात, जहाजांच्या रस्त्याकडे चालले होते. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. मुश्ताकभाई खलास म्हणून डोक्याला हात लावून बसले. आणि त्या शांततेत त्यांना पाठीमागून हॉर्न ऐकू आला.

"इंजिन चालू असतं ना," हे म्हणाले, "तर त्या आवाजात काहीच ऐकू आलं नसतं."

मी नेमकं काय मागितलं होतं, ते मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

म्हाताऱ्याने आमच्याकडचा कपभर चहा घेतला, बोटीत होकायंत्र नाही म्हणून मुश्ताकभाईंना चांगलंच झापलं, "अल्लाह करीम", देव दयाळू आहे, असं म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. त्याचे आभार मी नीट मानले की नाही, आठवत नाही. म्हणून इथे मानते.

भाऊ का गेला, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं असं नाही. ते मिळेल अशी आशाही मी आता धरत नाही. पण मागितलेलं न मिळणं म्हणजे कुणी ऐकतच नाही, हे मनातलं पक्कं गणित तेवढं मोडलं. आता मी पुन्हा मागते, अगदी लहान मुलासारखी मागते, आणि मागून झालं की पुढचं दत्तगुरूंवर सोडते. नाही मिळालं तरी रुसणार नाही, असं म्हणण्याइतकी मी अजून मोठी झालेले नाही. पण रुसले तरी बोलणं सोडणार नाही, एवढं त्या सकाळीनं मला दिलं.