आत ओढायचा सूर

शिकवायला बसण्याआधी चाचा माउथ ऑर्गन तळहातावर आपटायचे. भोकांतून चिमूटभर राखाडी भुकटी पडायची. "कंपनीची पावडर," असं म्हणत ते ती फुंकरीने उडवायचे आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याचा आता मला संताप येतो.

चाचा रत्नागिरीकडचे. लोखंडी टाक्यांवर वाळूचा फवारा मारून गंज काढायचं त्यांचं काम. मी पुण्याची, बँकेत नोकरी करणारी. सालमियातल्या माझ्या फ्लॅटवर दर शुक्रवारी आम्ही चार-पाच जण त्यांच्याकडे शिकायला जमायचो. कुवेतमधल्या आपल्या लोकांत ब्लूज वाजवणारे चाचा पहिलेच. त्याआधी इथल्या पार्ट्यांत माउथ ऑर्गन म्हणजे सिनेमाची गाणी, तीही गुळमुळीत. चाचांना कुणा अमेरिकन ड्रायव्हरने एक कॅसेट दिली होती, शेतावर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या दुःखातून आलेल्या गाण्यांची. ती झिजेपर्यंत ऐकून ते एकटेच शिकले. आज इथे आपल्यातलं कुणी ब्लूज वाजवत असेल, तर तो चाचांच्या हाताखालून गेलेला असतो, नाहीतर त्यांच्या शिष्याच्या.

मी जीव खाऊन फुंकायचे आणि चाचा वैतागायचे. "चूल पेटवतंस काय गो बाय? ओढ. हवा आत ओढ. रडताना माणूस श्वास आत घेतो ना, तसा." ब्लूजचा खरा सूर आत ओढलेल्या श्वासावर वाकतो, हे त्यांनी आमच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं.

त्यांच्या स्वतःच्या खोलीवर वाजवायची सोय नव्हती. रातपाळीची माणसं दिवसा झोपलेली, दिवसपाळीची रात्री. मग चाचा जेवणाच्या सुट्टीत कामाच्या यार्डातच, कंटेनरच्या आडोशाला बसून रियाझ करायचे. मास्क लावून वाजवता येत नाही, तो गळ्यात लोंबायचा. पलीकडे दुसऱ्या टोळीचा फवारा चालूच असायचा.

गेल्या वर्षी अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्याने करायच्या वेळी कंपनीने छातीची तपासणी काढली. चाचांना खोकला होता, पण वाळूच्या वादळांत इथे कोण खोकत नाही? शिवाय माउथ ऑर्गनवाल्याची फुप्फुसं ती, त्यांना काय होणार, असं आम्ही सगळेच म्हणालो. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. मशीनची नळी तोंडात धरून त्यांनी फुंकलं आणि पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. "चाचा, मज़ाक मत करो, ज़ोर से," नर्स म्हणाली. त्यांनी पुन्हा फुंकलं. ते मस्करी करत नव्हते.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. वाळूची धूळ बसून फुप्फुसं कडक झाली होती आणि ती धूळ आता निघणार नव्हती. "मास्क नहीं लगाते थे?" त्यांनी विचारलं.

"काम के टाइम पे हमेशा," चाचा म्हणाले. त्यांचा हात खिशावर गेला, माउथ ऑर्गन असलेल्या खिशावर. जेवणाच्या सुट्टीतला तो रियाझ मलाही त्याच क्षणी आठवला, आणि मला तिथेच रडू फुटलं.

कंपनीने 'अनफिट' शिक्का मारून परतीचं तिकीट हातात ठेवलं. लोकांना फवाऱ्याशेजारी जेवायला बसवणारी कंपनी तीच.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी चाचा आले. जिना चढून आल्यावर बराच वेळ त्यांना बोलताच येईना. मग मला म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं. एरवी चार सूर धड वाजवू न देणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही ओरडला नाही. शेवटी मी डोळे उघडले तर ते माझ्या गळ्याकडे एकटक बघत होते.

"किती सहज ओढतंस गो," ते म्हणाले.

त्यांच्यासमोर पुढचा श्वास घ्यायची मला लाज वाटली.