अहो-सान, दोझो

ज्या दिवशी मी माझ्या आईला महामार्गावर विसरून आलो, त्या दिवशी हवा फार सुंदर होती.

पण सुरुवात रेडिओपासून करायला हवी. जपानमध्ये सामान्य माणसालाही ट्रकवाल्यांसारखं बिनतारी बोलता येतं. पूर्वी त्याला सीबी म्हणायचे, आता डिजिटल संच आले. मंडळी मात्र तीच. निम्मे ट्रकचालक आणि निम्मे हौशी. हे हौशी रविवारी अँटेना खांद्यावर टाकून डोंगर चढतात, पलीकडच्या डोंगरावरच्या अनोळखी माणसाला ‘येतंय का ऐकू?’ विचारतात आणि तृप्त होऊन खाली उतरतात. मला ही माणसं भयंकर आवडतात. एक बोलत असताना दुसरा तोंड घालत नाही, आणि बोलून झालं की ‘दोझो’ म्हणतो, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’. आमच्या घराण्यात असं काही कुणी ऐकलेलंही नाही.

मी रीतसर नोंदणी करून दोन संच घेतले आणि स्वतःला ‘ओसाका मोर सात’ असं नाव दिलं. (आधीचे सहा मोर कुठे गेले, असं माझ्या बायकोने, मुग्धाने, विचारलं. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.)

तेवढ्यात पुण्याहून आई ओसाकाला आमच्याकडे राहायला आली. एरवी मुग्धा मला सरळ ‘समीर’ म्हणते, पण सासूबाईंचा मुक्काम असेतोवर ‘अहो’ म्हणायचं, असा तिने आपणहून नियम केला. एका रविवारी आम्ही आणि शेजारचे केळकर दोन गाड्या काढून बिवा तळ्यावर निघालो. गप्पांसाठी मुग्धा केळकरवहिनींबरोबर बसली. एक संच तिच्या हातात देऊन मी बजावलं, हाक मारायची ती ‘ओसाका मोर सात’ अशी. तिने मान डोलावली, बटण दाबलं आणि म्हणाली, “अहो, ऐकताय ना? अहो!”

आता घोळ असा की, ओसाकाच्या बोलीत ‘अहो’ म्हणजे मूर्ख. उच्चारसुद्धा अगदी हाच. आणि दोन्ही संच मी चुकून सगळ्यांच्या सामायिक चॅनलवर ठेवले होते. कुणीतरी अदबीने विचारलं, की या बाई मूर्ख म्हणून कुणाला हाका मारतायत? मी म्हटलं, मलाच, ती माझी बायको आहे. मग एक घोगरा आवाज आला, “समजलं. माझ्याही घरी असंच आहे, अहो-सान. दोझो.”

झालं! सहा मोरांसकट माझं नाव बुडालं, आणि जाता-येता सगळा रस्ता मला ‘अहो-सान’, म्हणजे ‘मूर्खराव’, म्हणू लागला.

परतताना हायवेवरच्या सर्व्हिस एरियात चहाला थांबलो. आमच्या गाडीत एसी जास्त लागतो, म्हणून आई केळकरांच्या गाडीत बसणार होती. केळकरांच्या गाडीत तेलकट वास येतो, म्हणून ती आमच्या गाडीत बसणार होती. निघाल्यावर बऱ्याच वेळाने मी संचावर विचारलं, आईला झोप लागली का?

“अहो,” मुग्धा म्हणाली, “आई तुमच्या गाडीत आहेत ना?”

आईचा फोन इथे चालत नाही. जपानी येत नाही. परक्या माणसाबरोबर चार पावलंसुद्धा जायचं नाही, हे तर मला तिनेच शिकवलेलं. हायवेवर गाडी वळवता येत नाही, पुढचा एक्झिट लांब, आणि तिथून फिरून परत यायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. मुग्धा केळकरांच्या गाडीत फोनवर सर्व्हिस एरियाचा नंबर शोधू लागली. मी कसला मोर नि कसला सात, रडवेल्या जपानीत चॅनलवर ओरडलो, की मी अहो-सान बोलतोय, माझी आई मागे राहिली. साडी, तपकिरी स्वेटर, पांढरे बूट.

कुणी हसलं नाही. माझा आवाज सर्व्हिस एरियापर्यंत पोचेना, तेव्हा डोंगरावर अँटेना लावून बसलेले एक आजोबा मधे आले आणि माझा शब्द न् शब्द पुढे सांगू लागले. आजोबा निवृत्त ट्रकवाले. तरुणपणी त्यांच्या संचाला एवढा जोर होता, की त्यांचा आवाज शेजाऱ्यांच्या टीव्हीतून यायचा आणि शेजारी भांडायला यायचे. “तेव्हा नको तिथे पोचायचो,” ते मला धीर देत म्हणाले, “आज हवं तिथे पोचू.”

आणि पोचले! त्या सर्व्हिस एरियात तो सकाळचा घोगरा आवाज आपला ट्रक लावून नूडल्स खात होता. नूडल्स तशाच टाकून तो उठला. थोड्या वेळाने आम्ही फिरून सर्व्हिस एरियाकडे येत असताना संचातून आईच आली.

“सम्या, मी कुण्णाकुण्णाशी बोलत नव्हते. पण हे गृहस्थ आले, कमरेत वाकले आणि मला ‘अहो’ म्हणाले. म्हटलं, माणूस घरंदाज आहे. म्हणून आले बरोबर.”

तो बिचारा ‘अहो-सानच्या आई का?’ असं विचारत होता.

आम्ही पोचलो, तेव्हा आई बाकावर चहा पीत होती आणि तो माल पोचवायचा सोडून तिच्याशेजारी चिवडा खात होता. मी त्याच्यासमोर इतका वाकलो, की कमरेत उसण भरली. आई कौतुकाने म्हणाली, “इथे तुला किती मान आहे रे! जो तो अहो-अहो करतो.” मुग्धाने घाईघाईने तोंडात चिवड्याचा बकाणा भरला.

आई परत गेली आणि मुग्धा पुन्हा ‘समीर’ म्हणू लागली. चॅनलवर मात्र ‘ओसाका मोर सात’ म्हणून कितीही कंठशोष केला, तरी कुणी ओ देत नाही. मी गाडी काढली, की डोंगरावरून आजोबांचा आवाज येतो, “अहो-सान, आई गाडीत आहेत ना? दोझो.”

आई पुण्यात आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी मी आधी मागची सीट बघतो, मगच उत्तर देतो.