पाठीपर्यंत न पोचणारा हात

चादर अर्धी घासून झाली होती. बाबांच्या चादरीवर रोज सकाळी रक्ताचे बारीक ठिपके असतात, खाजवून खाजवून पडलेले. थंड पाण्यात भिजवून, साबणाची वडी फिरवून एकेक काढावा लागतो. एवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "आज मना नाय जावाचा गो. आज नाय, शुक्रवारी नाय, कधीच नाय."

जायचं म्हणजे कल्याणला, डायलिसिसला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, दोन वर्षं झाली. न जाण्याचा अर्थ बाबांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आठ-पंधरा दिवस.

बाबा म्हणजे परशुराम भोईर, कोपर गावचे, माझे सासरे. तरुणपणी वीस वर्षं खाडीकडच्या मिठागरात उभे राहिले. पायांच्या भेगांत मीठ गेलं तरी हूं म्हणाले नाहीत. पुढे त्यांच्या जमिनीवर बिल्डिंग झाली, तिला त्यांचं नाव लागलं, आणि मालक झाल्यावर या माणसाला हरवलं कोणी, तर खाजेनं.

ही खाज दिसत नाही. पुरळ नाही, चट्टा नाही. म्हणूनच ती सगळ्यांना बरोबर कळते. शहाडच्या हौसाआत्या, बाबांच्या बहीण, म्हणाल्या देवीचं काहीतरी राहिलंय. मी देवीचं केलं. नऊ सवाष्णी पोटभर जेवून गेल्या, खाज जागची हलली नाही. चामडीच्या डॉक्टरांनी नायट्याचं मलम दिलं, नायटा नसताना. शेजाऱ्यांनी कडुनिंबाचा पाला इतक्यांदा उकळायला लावला, की झाडच खाजवत असेल आता. भाचीच्या हळदीत बाबांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या ठेवण्यात आल्या, एवढा मान. गाव नाचत होतं आणि बाबा मांडवाच्या बांबूला पाठ घासत होते.

आणि किडनीचे डॉक्टर? ते राउंडला येऊन विचारतात, "काका, कसं काय?" बाबा म्हणतात, "बरा हाय." दोघंही खूश. किडनीवाल्याला चामडीचं काय सांगायचं, हा बाबांचा शिष्टाचार.

मी ओल्या हातांनी गॅलरीत गेले. "का नाही जायचं?"

"एक हात मशीनला. हलवला का सुई सरकते. दुसरा पाठीला पोचत नाय. चार तास नुसत्या मुंग्या. मी तर अर्धा तास आधीच सोडवून घेतो."

हे नवीनच. त्यांना दर वेळी नेणाऱ्या-आणणाऱ्या आमच्या नयनरावांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पत्ता नव्हता. ते खाली चहाच्या टपरीवर वडिलांची काळजी करत बसतात.

"मी येते. पाठ मी खाजवीन."

"सून सासऱ्याची पाठ खाजवील? लोक काय बोलतील?"

"बोलायला आधी जवळ तरी बसू देत."

बाबा शर्ट घालायला उठले. चादर बादलीत राहिली.

सेंटरमध्ये मी कंगव्याला रुमाल गुंडाळून पाठीशी बसले. दीप्ती सिस्टर थोडा वेळ बघत राहिल्या.

"काका, खाज किती दिवस आहे?"

"दीड वरीस."

"आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"तुम्ही वजन विचारता, पानी किती पिलात ते विचारता. खाज कुठं विचारली?"

सिस्टरांनी पेन काढलं. "बरं, शून्य ते दहात किती?"

"दहाच्या पुढं आकडा नाय का?"

मग त्यांनी माझ्याकडून गोळ्यांचा डबा घेतला. "ताई, ही मोठी पांढरी जेवताना देता ना? घासाबरोबर चावून?"

इथे माझी हुशारी बाहेर आली. आमच्या घरी नैवेद्य दाखवलेलं ताट म्हणजे प्रसाद. त्यात औषध चावायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून दिवसाच्या तिन्ही गोळ्या मी सकाळी पूजा झाली की तीर्थाबरोबर, उपाशीपोटी बाबांच्या हातावर ठेवत होते. कागदावर 'जेवताना' असं लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. वाटलं, देवीसमोर घेतली की दुप्पट लागू पडेल.

"ही गोळी अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते," सिस्टर म्हणाल्या. "पोटात अन्नच नाही तर धरणार काय? तो रक्तात साठला की खाज वाढते. वर काका अर्धा तास चोरतात."

म्हणजे भक्ती माझी आणि खाज सासऱ्यांना.

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. ते पहिल्यांदाच खाटेशी पाच मिनिटं थांबले. म्हणाले, ही खाज या आजाराचीच, पुष्कळांना असते, सांगत कोणी नाही. डायलिसिस झाल्यावर घ्यायची एक छोटी गोळी दिली, बिनवासाचं क्रीम लिहून दिलं, चार तास पुरे करायला सांगितलं. "पूर्ण जाईल असं नाही. झोप लागण्याइतकी कमी व्हावी."

त्या दिवशी, म्हणजे काल बुधवारी, बाबा चारही तास पडून राहिले. शेवटच्या अर्ध्या तासात माझा हात भरून आला, पण बोलायची सोय नव्हती.

आज गुरुवार. दुपारी मी नैवेद्य दाखवला, देवीला म्हटलं, यापुढे ताटाचं तू सांभाळून घे, आणि भाताशेजारी गोळी ठेवली. बाबांनी दुसऱ्या घासाला चावली.

"खडू हाय हा."

"उद्याचं काय ठरवलंत?"

त्यांनी आणखी दोन घास खाल्ले. मग डाव्या हातानं मान खाजवत म्हणाले, "जाऊ. पन नयनला नको धाडू. तूच ये."

बादलीतली चादर कालच धुऊन झाली, आज सकाळी नवे ठिपके होतेच. कालचं क्रीम अजून आणलेलं नाही. ते आणायला आता मेडिकलमध्ये जाते.