फ्रिजमधली किल्ली

रेगेकाकांनी मला डिलीट करायला सांगितलेली फाईल अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

आज काकांना जाऊन वर्ष झालं.

दिल्लीत मयूर विहारमध्ये ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर साउंड रेकॉर्डिस्ट. भाजी आणायला जातानाही गळ्यात हेडफोन. भाजीवाल्याला वाटायचं, साहेब गाणी ऐकतात.

मी नोएडात दुसऱ्यांचे व्हिडिओ एडिट करायचे. मग स्वतःची डॉक्युमेंटरी करायचं खूळ डोक्यात शिरलं. विषय, मुनिरकात खोली घेऊन यूपीएससी करणाऱ्या आपल्या मराठी मुली. बजेट म्हणाल तर साठवलेली रजा आणि भरपूर उत्साह.

सगळा खर्च मी एका झकास भाड्याच्या कॅमेऱ्यावर केला.
माइक? कॅमेऱ्यात असतोच की.

परभणीची नजमा शेवटच्या अटेम्प्टबद्दल तासभर बोलली. घरी कुणाला न सांगितलेलं सगळं बोलली.

ते फुटेज मी मोठ्या तोऱ्यात काकांना दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"कूलर छान बोललाय," ते म्हणाले. "मुलगी काय म्हणतेय?"

मी रडकुंडीला आले. नजमा पुढच्या आठवड्यात दिल्ली सोडून कायमची घरी जाणार होती. खूप विनवल्यावर ती पुन्हा बसायला तयार झाली. पण एकदाच, यार, असं बजावून.

काकांनी कॅमेरा त्याच दिवशी परत करायला लावला. शूटिंग माझ्या फोनवर, आणि कॅमेऱ्याऐवजी कॉलरला लावायचा एक चांगला माइक आणि जुना रेकॉर्डर. मी कुरकुरले, फोनवर काढलेली फिल्म कोण बघणार?

"नाही बघितली तर ऐकतील. ती पोरगी तुला तिसऱ्यांदा सांगणार नाहीये."

ट्रायल काकांच्याच घरी झाली.

बोलणं संपलं की त्या खोलीतली एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, हा त्यांचा नियम. एडिट करताना बोलण्यातले सांधे त्या शांततेने बुजवता येतात. त्यासाठी घरघरणारा फ्रिज बंद करायचा. आणि बंद केला की आपल्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुठे जाताच येत नाही. या शांततेपायी एकदा काकूंचं श्रीखंड नासलं होतं, तेव्हापासूनची ही पद्धत.

गंमत अशी की अख्ख्या युनिटला गप्प बसवणारे काका स्वतः मिनिटभर गप्प बसू शकत नसत.

विसाव्या सेकंदाला म्हणाले, "मस्त आहे गं माइक."
मग, "सॉरी."
मग काकूंना, "चहा टाकतेस?"
काकूंना हसू आवरेना.

"डिलीट कर ते," काका म्हणाले. "परत घेऊ."

मुनिरकात काका स्वतः आले. मकानमालकीण आंटींच्या फ्रिजमध्ये किल्ली ठेवली आणि नजमाच्या ट्रंकेवर बसून राहिले. कूलर बंद, पंखा बंद, आम्ही तिघं घामाने निथळतोय. पण नजमाचा एक शब्द वाया गेला नाही.

फिल्म झाली. चार ठिकाणी दाखवली. फोनवर काढली का, असं कुणीही विचारलं नाही. नजमाच्या अब्बांनी ती दोनदा लावली, दोन्ही वेळा मान खाली घालून नुसती ऐकली.

आज सकाळी काकूंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, जन्मभर लोकांचे आवाज जपले बघ, स्वतःचा एकही ठेवला नाही.

मी घाबरतच त्या फाईलबद्दल सांगितलं.

काकू उठल्या. फ्रिज बंद केला. खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून आत ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"लाव आता."

ते एक मिनिट आम्ही चार वेळा ऐकलं. "चहा टाकतेस?" आलं की काकू दर वेळी हळूच "टाकते" म्हणायच्या. चौथ्यांदा खरंच उठल्या आणि चहा टाकला.

काका, तुमचं तेवढं एक ऐकलं नाही, माफ करा. खूप आठवण येते.

निघताना फ्रिज चालू केलाय.