दोनशे ग्रॅम जड लेन्स

सकाळी शीतलचा फोन आला. "काका, बाबा उठूनच नाही राह्यले..." घाटंजीत आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर. मी पोचलो तेव्हा माझा मित्र गजानन कुशीवर झोपल्यासारखा दिसत होता, उशाशी कॅमेऱ्याची बॅग, तिची चेन अर्धी उघडी. मी नाडी पाहिली. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर माझी नोकरी, आकडा सांगताना मी कधी अडखळलो नाही. त्या दिवशी मात्र मी नाडी पुन्हा एकदा पाहिली. गजानन गेला त्याला आता महिना होत आला.

गजानन लग्नाचे फोटो काढायचा. गेल्या वर्षी त्याचं हृदय कमकुवत झालं, हात कापू लागले, डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं. त्याने ऐकलं. फक्त एक हट्ट धरला... शीतलच्या लग्नात अंतरपाट पडतो तेव्हाचा एक फोटो तोच काढणार. भाऊबंदांनी चिडवलं, "कन्यादान करशीन का फोटो काढशीन बे?" तो म्हणाला, "अंतरपाट धरला की पोरीच्या मांगं मामा उभा रायते. बापाले तवा काय काम हाय?" ते खरंच होतं.

त्याच्या जुन्या लेन्सला बुरशी लागली होती. म्हणून यवतमाळच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून त्याने दोन लेन्स पारखायला आणल्या. एक चोवीस-एकशेपाच; हलकी, हाताचा कंप सावरून घेणारी, पण चारपर्यंतच उघडणारी. दुसरी चोवीस-सत्तर, दोनशे ग्रॅम जड, कंप सावरायची सोय नाही, पण दोन पॉइंट आठपर्यंत उघडणारी; आकडा लहान तितकं तोंड मोठं, म्हणजे दुप्पट उजेड आत घेणारी आणि निम्म्या वेळात फोटो टिपणारी. "काय म्हणते काटा?" त्याने मला विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. दोन्ही लेन्सनी त्याने ते टिपलं. हलकीत बारीक अक्षरातल्या तिथीही वाचता आल्या, जडमध्ये मोठ्या तारखासुद्धा दुहेरी दिसल्या. मी म्हटलं, "हलकी घे. तुझ्या जिवालाही बरी."

त्याचं मन भरलं नाही. संध्याकाळी अंगणात त्याने खुर्ची मांडली, तिच्या पायांभोवती चुन्याने खुणा केल्या. वहिनी नवरी, शीतल नवरदेव, मधे चादर धरून मी. उजेड मांडवात असतो तसा, अंधुक. "हलू नोका!" तो ओरडला. वहिनी म्हणाल्या, "अवो, नवरी काय खांब हाय का? अंतरपाट पडला का हार घालाचीच घाई असते तिले!" मी चादर सोडली. वहिनींनी हसत दोन्ही हात उचलले... हलक्या लेन्सच्या फोटोत भिंत, खिडकी, तुळस सगळं लख्ख. वहिनींच्या चेहऱ्याच्या जागी मात्र पांढुरका फराटा. मग जड लेन्सने पुन्हा तेच केलं. कडा थोड्या कापऱ्या, पण हसू ओळखू येत होतं. गजानन बराच वेळ दोन्ही फोटो आलटून पालटून पाहत होता. "हलकी माहा हात धरते, गड्या. नवरीले कोण धरन?"

त्याने जड ठेवून घेतली. मी कॅमेऱ्याखाली तिपाई लावायला सांगितलं. "अक्षता टाकाले अख्खा मांडव उठते. तिपाईले उभं राहू देतेत का ते लोकं?" मग रोज तो त्या खुर्चीत बसायचा, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायचा, श्वास रोखून तुळशीवर कॅमेरा धरायचा. श्वास रोखल्यावर त्याला लागणारी धाप मला समोरून दिसायची. बंद कर म्हणावं, तर त्याच्याजवळ राहिलेलं तेवढंच होतं. चालू ठेव असंही म्हणवत नव्हतं. मी समोर चहा घेत बसायचो.

तो गेला तरी लग्न ठरल्या मुहूर्तावरच, अंगणातच करायचं असं मोठ्यांनी ठरवलं. परवा मांडववाला मापं घ्यायला आला. "खुर्ची उचला बाप्पा, इथं बांबू येते," तो म्हणाला. कोणीच हललं नाही. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बांबूची जागा बदलली.

मांडववाला गेल्यावर शीतलने बॅग माझ्यापुढे ठेवली. "काका, तो फोटो तुमीच काढजा." मी त्या खुर्चीत बसलो. कोपरं टेकवली. ती तुळशीजवळ उभी राहिली. माझा हात धडधाकट आहे, वजनाची मला सवय आहे. ऊन चांगलं होतं, कॅमेऱ्यावरचे आकडे मी दोनदा तपासले, आणि ती जागची जराही हलली नव्हती.

फोटो हललेला आला.